गाव वावरात गेल्यावर

आमवात अंगाला लागून मला आता वीसेक वर्षं होत आली. त्यातल्या बऱ्याच वर्षांत दिवसाचा मोठा भाग मी घरात एकटीनं काढला आहे. रिठद हे माझं सासर. वाशिम-रिसोड रस्त्यावरचं, रिसोड तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. इथे माणसाला एकटं राहू म्हटलं तरी राहता येत नाही. सकाळी दार उघडलं की शेजारीण डोकावते, ओसरीवर कुणी ना कुणी येऊन टेकतं, लग्न असो की मौत, सगळी गल्ली गोळा होते. आणि याच गावात दुपारभर माणसाचा आवाज कानावर पडत नाही, असेही महिने असतात. मृगात पेरणी, मग डवरणी आणि निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, लगेच हरभऱ्याची पेरणी, पौषात तूर. सकाळी नऊच्या आत बाया डोक्याला दुपट्टा बांधून, भाकरीचं गठुडं घेऊन निघतात त्या दिवस मावळताना परततात. मागे उरतात म्हातारी माणसं, अगदी लहान लेकरं आणि माझ्यासारखी आजारी. त्या मागे उरणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. या रिकाम्या तासांनी मला जे शिकवलं, ते कुणाच्या तरी कामी यावं एवढीच इच्छा आहे.

मी शिवणकाम करत असे. लग्नानंतर काही वर्षांनी पायमशीन घेतलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, लहान मुलींचे फ्रॉक. सोयाबीनचे पैसे घरोघरी आले की शिवण वाढायचं आणि दिवाळीआधी मी मध्यरात्रीपर्यंत मशीनवर असे. या कामात हात किती बारकाईनं चालतो हे बाहेरून दिसत नाही. कापड डाव्या तळहाताखाली दाबून धरायचं, कात्रीचं खालचं पातं पाटावरून उचलायचं नाही, मुंढ्याच्या वळणावर न थांबता मनगट वळवत जायचं. हात थांबला की कापडाला तिथे दात पडतो आणि तो दात शेवटपर्यंत शिवणीत दिसत राहतो. गावातल्या बाया माप न देता नुसता जुना ब्लाउज टाकून जायच्या, इतका माझ्या हातावर त्यांचा भरवसा होता.

दुखणं उजव्या हाताच्या दोन बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. तास-दीड तास हात आखडलेला राहायचा, मग हळूहळू सुटायचा. काही आठवड्यांत डाव्या हाताचीही तीच बोटं सुजली. दोन्ही हातांचे सारखेच बारीक सांधे धरणं आणि सकाळचा तो लांबलेला ताठरपणा, ही आमवाताची ओळखीची खूण आहे. वयानं गुडघे झिजतात ते दुखणं वेगळं, हे वेगळं. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि सूज वेळेत आवरली नाही तर ती कूर्चा आणि हाड दोन्ही खाते. बायांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो, आणि गाठतो तो बहुतेकदा ऐन कामाच्या वयात. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि डॉक्टरांची बोटं चाचपणारी नजर, एवढ्यावर त्याचं निदान होतं. पण तिथपर्यंत पोचायला आमच्याकडच्या बाईला वर्ष लागतं. आधी ती ‘काम जास्त झालं’ म्हणते, मग ‘थंडीनं धरलं’ म्हणते, मग कुणीतरी तेल सांगतं, कुणी लेप सांगतं. तोवर बोटं करंगळीकडे कलायला लागतात.

एका हंगामात कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. घेतलेली कापडं मी शेजारच्या गावच्या शिंप्याकडे पोचती केली आणि मशीनवर चादर टाकली.

त्यानंतरची काही वर्षं सांगणं मला आजही जड जातं. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक औषध घेऊन यायचं. त्यात सगळ्यात जास्त बोलबाला असायचा तो पुडीचा. अमुक गावात पुडी मिळते, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. आमच्या नात्यातल्या एका बाईनं ती घेतली होती आणि खरंच दोन दिवसांत ती खुरपं घेऊन वावरात गेली. पुढच्या वर्षी तिचा चेहरा गोल फुगला, कातडी कागदासारखी पातळ झाली, साखर वाढली आणि न्हाणीत नुसतं पाय घसरल्याचं निमित्त होऊन मांडीचं हाड मोडलं. अशा नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, डॉक्टर ते मापून देतात, मापून कमी करतात. पुडीला माप नसतं आणि ती एकाएकी सोडली तर जीव धोक्यात येतो. त्या बाईकडे पाहून मी पुडीच्या वाटेला गेले नाही, हे माझं नशीब.

दुखण्यावर गोळी मिळते. सोंगणीला निघालेला बायांचा घोळका दारावरून जाताना मला जे वाटायचं, त्यावर काही मिळत नव्हतं. त्या बाया गुत्त्यानं एकराच्या एकर सोंगतात. पाठ मोडते, वाळलेल्या शेंगांच्या टोकांनी हाताला चिरे पडतात, संध्याकाळी ताट धरवत नाही. तरी मला त्यांचा हेवा वाटायचा. सासूबाई निघताना म्हणायच्या, “तू पडून राय माय, कायचीच चिंता करू नको.” त्यांच्या मनात मायाच होती. पण दिवसभर पडून राहिलेल्या माणसाला संध्याकाळच्या बोलण्यात जागा उरत नाही. कोणत्या धुऱ्याला पाणी तुंबलं, थ्रेशरवाला कधी येतो म्हणाला, यंदा भाव काय निघेल, असं सगळं चुलीभोवती चालायचं, आणि माझ्याजवळ सांगायला दुखण्याशिवाय काही नसायचं. रोजचं दुखणं कुणी रोज ऐकत नाही. त्यात त्यांचा दोषही नाही. दमून आलेल्या जिवाला ते पेलत नाही. मग मी बोलणंच कमी केलं. घरात माणसं असतानाचं ते गप्प बसणं मला रिकाम्या दुपारपेक्षा जास्त एकटं करत होतं.

अकोल्याला दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली औषधाची. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. तिच्या जोडीला दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. यकृताची आणि रक्ताची तपासणी ठरावीक काळानं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन रोज, आणि त्यासाठी डोळ्यांची तपासणी. औषध लागू पडायला दीड-दोन महिने लागतील, तेवढा धीर धरायचा. दुसरी गोष्ट त्यांनी फाईल परत देताना सांगितली. “हा आजार जाणार नाही, पण याला बांधून ठेवता येतं. बरं वाटल्यावर करीन म्हणून जे मागे ठेवलं असेल, ते आताच सुरू करा.”

घरी आल्यावर मी एक वही केली. कोणत्या वेळी हात कसा आहे, एवढंच त्यात लिहायचं. पेन जाड कापडात गुंडाळून धरलं की चार अक्षरं काढता येत. काही दिवसांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. सकाळी दहापर्यंत हात माझा नसतो. कोमट पाण्यात बुडवून, हळूहळू बोटं हलवून तो जागा करावा लागतो. संध्याकाळी चारनंतर अंगातली सगळी शक्ती ओसरते. मधले चार-पाच तास त्यातल्या त्यात बरे. म्हणजे माझे चांगले तास नेमके तेच होते, जेव्हा गाव वावरात गेलेलं असतं. ज्या वेळेला मी सगळ्यात जास्त भीत होते तीच माझ्या हाती उरलेली वेळ होती. हे वहीत लिहून डोळ्यांसमोर आलं, त्या दिवसापासून माझं जगणं बदलायला लागलं.

वेळ सापडली, पण त्या वेळेत करायचं काय? ते उत्तर मला एका शेजारणीनं दिलं. तिची पोरगी दहावी झाली होती. “पोरीले जरासं शिवणं शिकव वं,” ती म्हणाली. मी हात पुढे केले आणि दाखवले. “हात चालत नाही तं नाही,” ती म्हणाली, “तोंड तं चालते ना तुयं.”

पोरगी दुपारी यायला लागली. तिच्या शिकण्यापेक्षा माझंच शिकणं पहिल्या आठवड्यात सुरू झालं. मापं सांगणं सोपं होतं. छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, दाब किती सोडायचा, हे सगळं आकड्यांत येतं. पण मुंढ्याचं वळण आकड्यांत येत नाही. मी आयुष्यभर ते नुसतं हातानं काढत आले होते. खडू घेतला की रेघ आपोआप वळायची. आता हात वळत नव्हता आणि तोंडात शब्द नव्हते. “असं नाही, असं,” म्हणून हवेत बोट फिरवायचं म्हटलं तर बोटही सरळ होत नव्हतं. पोरगी गोंधळून माझ्याकडे पाहायची.

मग मी एकटी असताना अभ्यासाला बसले. जुना ब्लाउज पोरीकडून उसवून घेतला होता. पुढचा आणि मागचा तुकडा पाटावर एकावर एक ठेवून तास-तास पाहत बसायची. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त कोरलेला असतो. का? कारण माणसाचा हात पुढे येतो, काम पुढे असतं, आणि मागे पाठीला ताणायला कापड लागतं. बाहीचा वरचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडा जास्त का ठेवायचा? कारण खांद्याचा गोलवा त्यात बसवायचा असतो. तो जास्तीचा भाग खांद्याच्या टोकाशी सामावून घ्यायचा, काखेत नाही, नाहीतर काखेत चुण्या पडतात. हे सगळं माझ्या हाताला येत होतं. मला येत होतं हे मला तेव्हा कळलं, हात थांबल्यावर. दुसऱ्या दिवशी मी पोरीला सांगितलं, “खांद्यापासून सरळ खाली ये. छातीच्या रेघेला चार बोटं उरली की आत वळायला लाग. काखेशी पोचशील तेव्हा रेघ आडवी झाली पाहिजे. कात्री थांबवू नको, श्वास थांबव पायजे तर.” तिनं कापलं. कड साफ निघाली. मी ती कड अंगठ्याच्या पाठीनं चाचपून पाहिली, कुठेही दात नव्हता.

त्या पोरीनंतर दुसरी आली, मग आणखी आल्या. त्यातल्या काहींनी लग्नानंतर सासरी मशीन मांडलं. मी त्यांना शिकवताना कात्रीला हात लावलेला नाही. दुपारी एकटीनं शब्द शोधायचे आणि पोरी आल्या की ते त्यांच्या हातात द्यायचे, असा क्रम बसला. एकटेपणाच्या त्या तासांना आता एक कारण मिळालं होतं. उद्या कुणीतरी येणार आहे आणि तिला आज मी काहीतरी तयार करून ठेवायचं आहे, एवढ्यानं दुपार भरून निघायची.

आमच्या बचत गटाची सहल एकदा वर्ध्याजवळ पवनारला गेली होती. मी गाडीत उशा लावून गेले. विनोबा तिथे कसे आले हे मला त्या वेळी नीट कळलं. १९३८ साली त्यांची तब्येत पार ढासळली होती, वजन चाळीस किलोच्या आसपास उतरलं होतं. गांधीजींनी विश्रांतीचा, हवापालटाचा आग्रह धरला. विनोबांनी डोंगरावरचं गाव न निवडता धाम नदीच्या काठचा जमनालाल बजाजांचा बंगला निवडला. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी डोक्यातली सगळी कामं आणि चिंता मनानंच सोडून दिल्या. पण हात रिकामे ठेवले नाहीत. कुदळ घेऊन अंगणाची जमीन खणायला लागले. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग अंगाला झेपेल तसं रोज थोडं वाढवत. हळूहळू वजन भरलं, तब्येत सुधारली. त्याच जमिनीत खणताना भरत-रामभेटीची जुनी मूर्ती सापडली, ती तिथे आजही आहे. पुढे १९५९ मध्ये तिथेच ब्रह्मविद्या मंदिर उभं राहिलं. माझ्यासारख्या बाईनं विनोबांशी तुलना करू नये आणि मी ती करत नाही. मला त्यातली रीत घ्यावीशी वाटली. डोकं हलकं ठेवायचं, काम लहान घ्यायचं, आणि ते वाढवताना शरीराला विचारायचं. आमच्या आजारात ही रीत फार महत्त्वाची आहे. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर झाडून काढलं तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीही थांबायचं आणि वाईट दिवशीही थोडं हलायचं, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पोरींपैकी एकीनं मला मोबाइलवर फ्रान्समधल्या रेन्वार या चित्रकाराचे फोटो दाखवले. त्यालाही हाच आमवात होता. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं त्यानं याच दुखण्यात काढली. बोटं तळहाताकडे वळून गेली होती, कातडी सोलू नये म्हणून हात कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायचे, आणि ब्रश त्याच्या हातात दुसऱ्यानं ठेवायचा. १९१९ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत राहिला. त्या फोटोतली बोटं मी ओळखली. माझ्याच बोटांसारखी ती कलली होती. आपल्या वऱ्हाडातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभरावर पुस्तकं रचली, तोंडानं सांगून, दुसऱ्यांकडून लिहवून घेऊन. आपल्या अंगातली कला दुसऱ्याच्या हातानं बाहेर येऊ शकते, हे अशा माणसांमुळे मला पटलं.

आता रात्रीबद्दल. दुपारच्या एकांताबद्दल मी जे लिहिलं ते रात्रीला लागू नाही. रात्री तीन वाजता खांदा पेटतो तेव्हा घर भरलेलं असतं, सगळे शेजारी झोपलेले असतात आणि कुणालाही उठवून उपयोग नसतो. त्या वेळेला मला कधी काही अर्थ सापडला नाही. नामस्मरण केलं, काही रात्री त्यानं धीर आला, काही रात्री नाही. गरम पाण्याची पिशवी, हाताखाली मऊ उशी, आणि सकाळ होईल एवढं माहीत असणं, इतकंच तिथे असतं. रस्त्यावरून पहिली गाडी गेल्याचा आवाज आला की बरं वाटतं. दुखण्यातून माणूस मोठा होतो असं जे लोक सांगतात, त्यांना मी अशा रात्रीबद्दल विचारते. दुखणं कुणाला मोठं करत नाही. दुखणं कमी असतं त्या तासांत आपण काय करतो, तेवढंच आपलं.

काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला आमच्या जिल्ह्यातून, मालेगाव, शिरपूर, रिसोडच्या वाटेनं पंढरपूरला जाते. मी पूर्वी दर्शनाला पायी जात असे, वारकऱ्यांना पाणी वाढत असे. आता गर्दीत उभं राहता येत नाही. पहिली काही वर्षं त्या दिवसांत मी दार लावून बसायची. नंतर पोरींनी उरलेल्या कापडांच्या पिशव्या शिवल्या, ज्यात वारकऱ्याची वाटी, टॉवेल आणि औषधं मावतील अशा. पट्टा खांद्याला काचू नये म्हणून तो किती रुंद ठेवायचा, हे मी ठरवलं. पालखी जवळून गेली त्या दिवशी मी घरीच होते आणि घरात कुणी नव्हतं. रडू आलं, हेही सांगते. पण त्या दिवशी दार उघडं होतं.

मार्च २०२० मध्ये सगळं गावच घरात बसलं. आमच्यासारख्यांसाठी ती टाळेबंदी दुहेरी होती. आमची औषधं रोगाशी लढण्याची ताकद दाबून ठेवतात, त्यामुळे जपायचं जास्त. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन कोरोनावर चालेल अशी देशभर हवा झाली. सरकारनं तिच्या निर्यातीवर आणि खुल्या विक्रीवर बंधनं घातली, तरी दुकानांतून गोळ्या दिसेनाशा झाल्या. काही आठवडे मी त्या गोळीशिवाय काढले. बोटं पुन्हा सुजली. लोकांना वाटायचं ही गोळी कालपरवा निघाली. आमवाताचे रोगी ती कित्येक वर्षांपासून घेतात, हे फारच थोड्यांना माहीत होतं.

त्याच दिवसांत बचत गटाला कापडी मास्क शिवायचं काम आलं. पोरी आपापल्या घरी, मी माझ्या घरी. मी फोनवरून सांगायची. कापड दुहेरी घ्या, चुण्या खालच्या बाजूला पाडा, नाडीचा टाका दोनदा मारा. आधीच्या वर्षांत मी दुपारी शोधून ठेवलेले शब्द तेव्हा फोनवरून चालले. समोर कापड नसताना, पोरीचा हात दिसत नसताना ते पुरले.

शेजारचे एक वयस्कर काका आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ पारावर बसलेले. घरात कोंडल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला. एक दिवस ते फाटकाबाहेर लांब उभे राहून म्हणाले, “वहिनी, तुम्ही एवढी वर्षं कशी काढली वं घरात?” मी सांगितलं, “काका, रोज केलंच पाहिजे असं एक काम ठरवा. आणि त्या कामाची कुणीतरी वाट पाहत असलं पाहिजे.” ते परसात गेले आणि घरच्यांसाठी भाजीचे वाफे करायला लागले. वाट पाहणारं कुणी नसेल तर चांगलं कामही चार दिवसांत सुटतं. माझ्याही बाबतीत हेच खरं ठरलं. मी सुरुवातीला वेळ घालवायला वाचायची, रेडिओवर अकोला केंद्र लावायची, दोन्ही चांगलं होतं, पण दुपार सरली की हाती काही उरायचं नाही. पोरी यायला लागल्या तेव्हापासून वाचलेलं आणि ऐकलेलंही त्यांना सांगायच्या कामी आलं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे लेखन पुरं होणार नाही. शेजारच्या वस्तीतल्या एक आजी एका दुपारी प्लास्टिकच्या पिशवीत औषधं घेऊन आल्या. तोंडभर फोड, पाणीही गिळवत नव्हतं. त्यांनाही आमवात. पिशवीत मेथोट्रेक्सेट होती. मी विचारलं, “आजी, ही कधी घेता?” “रोज रात्री, पोरगं काढून देते.” चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं. घरात ते नीट कुणी वाचलं नव्हतं. ही गोळी रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. गाव वावरात होतं. मी फोन करून त्यांच्या मुलाला बोलावलं, गोळी बंद करायला लावली आणि त्याच दिवशी आजींना दवाखान्यात पोचवलं. त्या वाचल्या. तेव्हापासून गावातल्या कुणाला सांध्यांची औषधं मिळाली की ते चिठ्ठी दाखवायला माझ्याकडे येतात. मी औषध सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचून दाखवते, आणि आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर वार लिहून देते. सगळं गाव कामावर असताना घरी असलेलं माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. एकांत आपोआप काही देत नाही. त्यात मन कुढतं, जुन्या गोष्टी उगाळतं. हात थांबलेल्या माणसाजवळही काहीतरी उरलेलं असतं. कुणाजवळ कसब, कुणाजवळ हिशोब, कुणाजवळ नुसतं ऐकून घ्यायची तयारी. ते शोधायला निवांत वेळ लागतो आणि तो वेळ आजार देतो. शोधलेलं मात्र दुसऱ्याच्या दारी पोचलं पाहिजे, तरच तो वेळ सार्थकी लागतो. आणि हेही तितकंच ठामपणे सांगते की औषधपाणी न करता, दिवसभरात एकदाही चौकशी न करता आजारी बाईला घरात ठेवणं याला एकांत म्हणू नये. ती हेळसांड आहे. मला घरच्यांनी औषध कधी चुकू दिलं नाही, तपासणीची तारीख सोंगणीत आली तरी एक माणूस मजुरी बुडवून माझ्याबरोबर आलं, म्हणून मी हे सगळं लिहू शकते.

ज्यांच्या बोटांना सकाळी तासभर ताठरपणा राहतो, सूज दोन्ही हातांना आहे आणि ती महिनाभर उतरत नाही, त्यांनी हंगाम संपायची वाट पाहू नये. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाला तर सांधे वाचतात, वाकडी झालेली बोटं मात्र औषधानं सरळ होत नाहीत. नाव नसलेली पुडी घेऊ नका. आठवड्याची गोळी आठवड्यालाच घ्या. आणि घरातल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की वावरात जाताना घरच्या आजारी माणसाला भाकर-पाणी ठेवता, तसं त्याच्या अंगाला झेपेल असं एक काम ठेवून जा, आणि संध्याकाळी आल्यावर त्याला त्या कामाबद्दल विचारा. त्याला एकटं ठेवावं लागलं तर ठेवा, बिनकामाचं ठेवू नका.